वीसपैकी बावीस

१

"दुपारभर आपलं टूं टूं टूं! मग फोन घरात ठेवायचा तरी कशाला? लोनच्याच्या बरनीवर झाकान म्हनून?"

वीर स्टेशनवरून महाडला निघालेल्या रिक्षात ही कुरकुर चंद्रभागाबाईंच्या अगदी कानाशी चालली होती. रिक्षात इतकी माणसं कोंबली होती की शेजारणीची पिशवी बाईंच्या मांडीवर आणि कोपर बाईंच्या बरगडीत होतं. अशा वेळी न ऐकण्याची सोय नसते.

"कोणाचा फोन गो?" बाईंनी विचारलं.

"मी जेच्याकडं सैपाकाला जाते त्या बाईंचा. खंडेनवमीला मी मानगावला लेकीकडं गेलेले. म्हनलं इचारावं, उद्या दसऱ्याचं पुरन मी येऊन घालू की तुमचं तुम्ही घालताव. तीनदा बूथवर गेले, तीनदा एंगेज. आन् आज फोन लागला तर बाई म्हन्तात, अगो राहीबाई, आम्ही दोघंबी देवळात गेलेलो, घरात कोन नव्हतं. कोन नव्हतं तर टूं टूं कोन करीत होतं? उंदीर?"

बाई हसल्या, कोपर सोसत महाडच्या नाक्यावर उतरल्या आणि ती गोष्ट विसरून गेल्या. विसरायला नको होती. पण त्यांच्या डोक्यात तेव्हा दुसराच फोन घोळत होता. आदल्या संध्याकाळी तो त्यांच्या लेकीच्या ठाण्याच्या घरी आला होता, पुरणपोळीच्या ऐन दुसऱ्या घासाला.

चंद्रभागा उतेकर पोलादपूरच्या हायस्कुलातून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. महाडच्या विज्ञान महाविद्यालयाच्या व्यवस्थापन समितीवर त्या होत्या, म्हणजे वर्षातून चार वेळा बटाटेवडा खाऊन सह्या करत. पण या वेळी प्राचार्य महिपती शेलार फोनवर कुजबुजत होते. "बाई, पोलिसांत जाता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. तुम्ही या."

२

"हे बघा," शेलारांनी कागद पुढे सरकवला. "तृतीय वर्ष पदार्थविज्ञान, प्रात्यक्षिकाचे अंतर्गत गुण. विद्यापीठाला पाठवायला तयार होते. दसऱ्याला सकाळी दीपक पूजेसाठी लॅब उघडतो, सहज बघतो, तर सगळा तक्ता कोरा. वरची चार-पाच नावं तेवढी भरलेली. आणि पहिल्या नावापुढे किती गुण? वाचा!"

बाईंनी चष्मा चढवला. "अंकिता साळवी. बावीस."

"वीसपैकी!" शेलार म्हणाले. "वीसपैकी बावीस! माणसानं चोरी करावी पण जरा लाज ठेवून."

गुण बुडाले नव्हते. आदल्या आठवड्याची प्रत काढून ठेवलेली असल्यानं दीपकनं ते परत भरले होते. दीपक म्हणजे कॉलेजची संगणकं सांभाळणारा, इथंच शिकलेला तरुण. प्रश्न एवढाच होता, की हे केलं कुणी?

"सुट्टीत लॅबची किल्ली कुणाकडे होती?"

"किल्लीचा संबंधच नाही, बाई," कोपऱ्यातला दीपक म्हणाला. "खंडेनवमीला दुपारी कुणीतरी बाहेरून आत आलं. घरी बसून."

घरी बसून माणूस कॉलेजात कसा येतो, हे त्यानं समजावलं. कॉलेजची संगणकं आपापसात जोडलेली, बाहेरच्याला तिथं मज्जाव. पण प्राध्यापकांना घरून काम करता यावं म्हणून अमेरिकेतल्या एका माजी विद्यार्थ्यानं सोय करून दिली होती. "कोकण रेल्वेचा बोगदा समजा. घरचा संगणक एका तोंडाला, कॉलेज दुसऱ्या तोंडाला. मधून काय चाललंय ते डोंगरावरच्याला दिसत नाही. पण तोंडाशी पहारा. आपलं नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा आणि ताइतावरचा आकडा सांगायचा."

"कसला ताईत?"

दीपक ओशाळला. "टोकन म्हणतात खरं. गळ्यात घालतात म्हणून आम्ही ताईत म्हणतो." त्यानं आपला काढून दाखवला. करंगळीएवढी निळी डबी, तिच्या चिमुकल्या काचेत आकडा. बघता बघता तो बदलला. "मिनिटामिनिटाला बदलतो. त्यामुळे पासवर्ड चोरून भागत नाही. ताईत हातात हवा."

"आणि घरून जोडायचं ते कशातून?"

"फोनच्या तारेतून. आपल्याकडे दुसरं आलंय कुठं? जोडलेलं असेपर्यंत त्या घरचा फोन बंद."

बाईंच्या मनात काहीतरी खुट्ट झालं आणि विरून गेलं.

"ताईत किती जणांकडे आहेत?"

"माझ्याकडे, प्राचार्य सरांकडे आणि वैदेही मॅडमकडे. देवधर सरांचा मार्चमध्ये ते निवृत्त झाल्यावर परत घेतला." एवढं म्हणून दीपक आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"नाव वैदेहीचं, पासवर्ड तिचा, आकडा तिच्याच ताइताचा," शेलार म्हणाले. "आणि अंकिता तिची सख्खी चुलत बहीण. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरगी, म्हणून मुद्दाम तुम्हालाच बोलावलं. सोमवारी तिची कायम नेमणुकीची मुलाखत आहे. गेली सहा वर्षं ती हंगामी आहे, बाई. मला आनंद होतोय असं समजू नका. तिनं उद्या दुपारपर्यंत राजीनामा दिला तर मी कुठं बोलणार नाही. नाही दिला तर विद्यापीठाला कळवावं लागेल."

"ती काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. हाच तर वैताग आहे."

३

वैदेही प्रयोगशाळेत लोलक पुसत बसली होती. डोळे सुजलेले, केस मात्र चापूनचोपून बांधलेले. पोलादपूरला आठवीत फळ्यासमोर उभी राहायची, ती अशीच.

बाईंनी पर्समधून आपट्याची पानं काढली. "काल भेट नाही झाली. घे सोनं."

वैदेहीनं हात मागे घेतला. "नको बाई. आम्हाला सुतक आहे. चुलत आजोबा गेले मागच्या आठवड्यात."

"अगं, मग रजा तरी घ्यायचीस."

"चार दिवस घेतली होती. हंगामी माणसाला दहा दिवसांचं दुःख परवडत नाही."

बाईंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्यांनी ताईत मागितला. तिनं गळ्यातून काढून दिला. निळ्या डबीच्या खाचेत हळद भरली होती, काचेच्या कडेला कुंकवाचं बोट उमटलेलं.

"खंडेनवमीला हा कुठं होता?"

"पूजेत ठेवला होता." वैदेही चटकन म्हणाली. "पुस्तकांबरोबर. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत तिथंच होता."

"मग आकडा कुणी वाचला?"

तिनं लोलक परत पुसायला घेतला.

"पासवर्ड कुणाला सांगितलास?"

"नाही."

"वैदू, माझ्याकडे बघ. अंकितासाठी केलंस?"

"अंकिताला वीसपैकी एकोणीस मीच दिले होते, बाई. तिला माझी गरज नाही." मग तिनं लोलक खाली ठेवला. "राजीनामा लिहून ठेवलाय. उद्या देते. तुम्ही दमू नका उगाच. आणि एक करा. देवधर सरांना यात ओढू नका. त्यांना त्रास होतो."

बाई जिन्यापर्यंत आल्या आणि थबकल्या. देवधर सरांचं नाव त्यांनी काढलंच नव्हतं.

४

श्रीधर देवधर म्हणजे महाडचं पदार्थविज्ञान. पन्नाशीच्या आतल्या निम्म्या गावाला न्यूटन त्यांनीच भेटवलेला. शेलार त्यांचे विद्यार्थी, वैदेही त्यांची, दीपकही त्यांचाच. कॉलेजात तो बोगदा आला तोही सरांच्या हट्टानं.

झोपाळ्यावर सर बसले होते. पांढरा शुभ्र सदरा, बटणं एक घर चुकलेली.

"या या, उतेकर बाई! पोलादपूरहून आलात? एसटी वेळेवर मिळाली?"

"ठाण्याहून आले, रेल्वेनं."

"अरे वा." मग सर लंबकाच्या आंदोलनाविषयी इतकं सुरेख बोलले, की बाईंना आपण उगाच मराठी घेऊन पदवी केली असं वाटून गेलं. सरांच्या पत्नी सरोजताई मात्र दारात उभ्याच होत्या. पाहुणी आल्यावर बसायचं सोडून ही बाई पहारा दिल्यासारखी का उभी आहे, बाईंना कळेना.

कोपऱ्यात संगणक होता. त्यावर कापडाचं आच्छादन आणि वर फुलदाणी, विटाळ होऊ नये इतक्या बंदोबस्तात.

"हा चालतो का?"

"बंद आहे," सरोजताई म्हणाल्या. "बिघडलाय. आमचा मुलगा आमोद दिवाळीला पुण्याहून आला की बघेल."

"खंडेनवमीला तुम्ही घरी होतात का हो? कॉलेजात जरा गडबड झाली आहे, मी सगळ्यांनाच विचारतेय."

"दोघंही देवळात होतो. देवीची ओटी भरायला. घरात कुणीच नव्हतं."

"मी कुठं आलो देवळात?" सर म्हणाले.

"आला होतात की. विसरलात." सरोजताई हसल्या. ते हसू ओठांपुरतंच होतं.

सरांनी बायकोकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि अगत्यानं म्हणाले, "पोलादपूरहून आलात? एसटी वेळेवर मिळाली?"

झोपाळ्याची कडी कुरकुरली. सरोजताई घाईघाईनं म्हणाल्या, "चहा आण गो!"

आतून कपबशा वाजल्या. पदराला हात पुसत जी बाहेर आली, तिनं चंद्रभागाबाईंना पाहिलं आणि तोंडभर हसली.

"अगो बया! रिक्षातल्या बाई!"

कपबशी घेताना चंद्रभागाबाईंनी आच्छादनाखालच्या संगणकाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

५

त्या रात्री बाई महाडलाच बहिणीकडे राहिल्या. सकाळी कॉलेजात दीपकला गाठलं तेव्हा तो कॅन्टीनमध्ये मिसळ समोर ठेवून नुसता बसला होता.

"दीपक, तू मला सगळं सांगितलं नाहीस."

"सांगितलं की, बाई."

"वैदेहीच्या नावानं आत येण्याआधी कुणीतरी दुसऱ्या नावानं दार ठोठावलं होतं."

त्याचा चेहरा पडला. "तुम्हाला कुणी..."

"कुणी नाही. मी सदतीस वर्षं वर्गात काढली, न सांगितलेलं तोंडावर दिसतं. कुणाचं नाव?"

दीपकनं पाव कुस्करला. "बंद केलेलं नाव होतं. मार्चमध्ये बंद केलेलं. दोन-तीनदा ठोठावलं, उघडलं नाही. मग मॅडमच्या नावानं आत." तो बाईंकडे बघेना. "मी ते पुसून टाकलं. नोकरी गेली तर जाऊ दे. मला दहावीला गणितात पंचेचाळीस होते, बाई. सरांनी घरी बसवून शिकवलं."

"आणि वैदेहीचा पासवर्ड?"

"तो काय पासवर्ड आहे? लागली तेव्हा सरांनीच ठरवून दिला होता. त्यांच्या वर्गातला तिचा हजेरी नंबर. शंभरदा म्हटलं, बदला मॅडम. म्हणतात, सरांनी दिलाय, राहू दे."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मिसळ खा. गार होतेय. आणि दुपारी देवधरांकडे ये. शेलारांना आणि वैदेहीला मी सांगते."

६

दुपारी देवधरांच्या ओसरीवर सगळे बसले. झोपाळ्यावर सर, खांबाला टेकून सरोजताई. शेलारांच्या खिशातून वैदेहीच्या राजीनाम्याचं टोक डोकावत होतं. तिनं येता येताच तो दिला होता.

"मला संगणकातलं काही कळत नाही," चंद्रभागाबाईंनी सुरुवात केली. "पण उत्तरपत्रिका जन्मभर तपासल्या. मुलगा चुकतो कसा, यावरून तो कुणाचा विद्यार्थी ते कळतं. इथं चूक आहे वीसपैकी बावीस. शेलार, हे प्रात्यक्षिक वीसचं कधी झालं?"

"दोन वर्षं झाली. त्याआधी पंचविसाचं..." शेलार थांबले.

"पंचविसातले बावीस असतील तर ती लबाडी नाही. चांगल्या मुलीला चांगल्या मास्तरनं दिलेले गुण आहेत ते. वैदेही या वर्गाला शिकवायला लागली तेव्हा वीसच होते. गुण वाढवायचे असते तर वीसच्या आत वाढवले असते. आणि अंकिता वर का? तिचा पहिला नंबर म्हणून. भरणाऱ्यानं आधीचे गुण पुसून पहिल्यापासून सुरुवात केली, चार-पाच नावं क्रमानं भरली आणि मधेच सोडून उठला. चोर आपल्याला हव्या त्या नावावर जातो. हजेरीच्या क्रमानं जातो तो शिक्षक."

"पण ताईत?" शेलारांनी विचारलं. "तो तर हिच्याकडे होता."

"ती म्हणते, पूजेत होता. खरं म्हणते. हळदकुंकू मी पाहिलंय. पण साळव्यांना सुतक आहे, शेलार. सोनंसुद्धा घेतलं नाही तिनं माझ्याकडून. सुतकात घरात पूजा कोण मांडतं? तिचा ताईत दुसऱ्या कुणाच्या घरी पूजेत होता."

वैदेही उठून उभी राहिली. "मीच केलं सगळं. अंकितासाठी केलं. राजीनामा दिलाय ना मी? मग हे कशाला?"

"खाली बस," बाई म्हणाल्या, आठवीतल्या मुलीला म्हणावं तसं. ती बसली.

"त्या दुपारी एका घरचा फोन सारखा एंगेज होता. घरात कुणी नव्हतं म्हणतात, त्या घरचा." बाईंनी सरोजताईंकडे पाहिलं नाही. "पुढचं मला ठाऊक नाही. ते मी सांगणारही नाही."

स्वयंपाकघराच्या दारात राहीबाई तोंडाला पदर लावून उभी होती. मग खांबाकडून आवाज आला, इतका हळू की शेलार पुढे वाकले.

"मीच मागितला वैदेहीकडे," सरोजताई म्हणाल्या. "ह्यांचा परत घेतल्यापासून रोज विचारतात, माझा ताईत कुठं आहे? रोज नव्यानं सांगायचं आणि रोज नव्यानं चेहरा पडलेला बघायचा. खंडेनवमीला सकाळपासून घर उलथंपालथं केलं. पूजेत माझं हत्यार नको का, म्हणून. शेवटी हिला फोन केला. दारातूनच देऊन गेली. सुतकातल्या घरची वस्तू, तुळशीचं पाणी शिंपडलं आणि ठेवली पुस्तकांवर. म्हटलं, पूजेइतकी सुरक्षित जागा नाही. एकदा मांडलं की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. चाळीस वर्षांत ह्यांनी साधी पट्टीसुद्धा उचलली नाही पूजेतली." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "हे झोपले होते. मी अर्ध्या तासात ओटी भरून आले. आले तर इथं बसलेले, संगणकासमोर. बोटं कशी भराभर चाललेली! मला म्हणाले, गुण भरायचे राहिलेत, चहा कर. मी तर खूष झाले हो. किती महिन्यांनी असे दिसले. चहा घेऊन आले तर खिडकीशी उभे, संगणक तसाच चालू. म्हणाले, चहा कशाला?"

शेलारांनी घसा खाकरला. त्यांचे डोळे जमिनीवर होते. "मार्चमध्ये निरोप समारंभ जरा घाईनं केला आपण," ते म्हणाले. "वर्गातनं मुलं यायची सांगत. सर तोच धडा... म्हणजे, तेव्हाच कुणीतरी... पण सरांना कोण..." वाक्य पुरं करायला त्यांनी दीपककडे पाहिलं. दीपकनं वैदेहीकडे. वैदेहीनं मान फिरवली. सगळ्या गावाला न्यूटन शिकवलेल्या माणसासमोर एकालाही एक साधं वाक्य पुरं करता येईना.

"सरांचं वय झालंय, दगदग होते," वैदेही म्हणाली. "एवढंच आहे. बाकी काही नाही."

"हो, दगदगच," सरोजताई म्हणाल्या.

झोपाळा थांबला. सरांनी पाय जमिनीला टेकवले होते. त्यांनी हात पुढे केला. वैदेहीनं क्षणभर कळून न कळल्यासारखं केलं, मग गळ्यातला ताईत काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला. सरांनी तो उन्हाच्या तिरिपेत धरला. आकडा बदलला. त्यांनी खाचेतली हळद नखानं हळूच टोकरली, बोटाकडे पाहिलं, वास घेतला.

"हळद आहे," ते म्हणाले. "म्हणजे पूजेतलाच. आणि मी उचलला."

"अहो, असू दे," सरोजताई पुढे आल्या.

"सरोज, माझ्या आईनं एकदा पूजेतली कात्री घेतली म्हणून वडील दिवसभर जेवले नव्हते. त्या घरातला मी. मी पूजेतली वस्तू उचलीन?" सरांचा आवाज चढला नाही. वर्गात उत्तर मुलांच्या तोंडून काढायचं असलं की ते जसं बोलत, तसंच बोलत होते. "उचलीन, पण केव्हा? समोर पूजा आहे हे मला कळलं नाही, तरच. दुसरं उत्तर निघतंय का कुणाचं?"

सर शेलारांकडे वळले.

"महिपती, तुझ्या खिशातला तो कागद तिचा आहे ना? तिचा तिला दे. सोमवारी मुलाखतीला तिलाच बसव."

शेलारांनी कागद काढून वैदेहीच्या हातात दिला. तिनं तो घेतला आणि रडत म्हणाली, "सर, नका. काही बोलू नका. आम्ही कुणालाच..."

"तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत, ते दिसतंय मला. आपसातसुद्धा नाही." सरांनी एकेकाकडे पाहिलं. शेलार, दीपक, वैदेही. चंद्रभागाबाईंवर नजर जरा रेंगाळली. ही कोण, कुठून आली, हे ते शोधत असावेत, आणि शोधतोय हे त्यांनी लपवलं नाही. मग बायकोचा हात धरून तिला झोपाळ्यावर शेजारी बसवलं आणि तिच्या मुठीत ताईत ठेवून मूठ मिटली.

"सरोज, मला लक्षात राहत नाही गं आता," सर म्हणाले. "एसटीचं नाही, पूजेचं नाही. परवा आमोदचं नावसुद्धा आठवेना, मी अर्धा तास न्हाणीघरात बसून होतो. दगदग नाही ही. मी विसरत चाललोय."